बस्त्यावशेठचे केस आणि उंबराचं पाणी

लग्न उद्यावर आलं आणि उंबराच्या विहिरीला बस्त्यावशेठने कुलूप घातलं!

वसईकडच्या त्या वाडीत रीत अशी, की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायकांनी बँड लावून उंबराखालच्या विहिरीवर जायचं, घागरी भरायच्या आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. इनासची लेक नातल उद्या नवरी व्हायची होती. तिच्या होणाऱ्या सासूने निरोपच धाडला होता, "उंबराच्या पाण्याने न्हालेली नसेल, तर आमच्या दारात आणू नका." आणि वाडीत उंबराची विहीर एकच, ती शेठची!

शेठ तसा कंजूष नव्हता. पण गेल्या उपासकाळात एका पाहुण्या फादरने बायबलातल्या आकड्यांचे अर्थ सांगितले आणि ते शेठला चढले. फादर आपल्या गावी गेले, आकडे इथेच राहिले. आता कुणी काही मागितलं, की शेठ आधी आकडा विचारी आणि त्याच्या अर्थावर अडवून धरी.

आता इनास, बँडवाले आणि घागरी घेतलेल्या बायका विहिरीशी उभ्या होत्या. शेठ टोपी घालून, खुर्ची टाकून कठड्याला टेकलेला.

"घागरी किती?" शेठने विचारलं.

"सात, शेठ."

"सात! सातव्या दिवशी देवाने विसावा घेतला. तुम्हीपण घ्या. जा घरी!"

"मग तीन तरी?"

"पवित्र त्रैक्य! त्रैक्याने पाय धुणार तुझी पोरगी?"

"बारा?"

"बारा प्रेषित. त्यांतला एक यहूदा. कुठली घागर दगा देईल, आहे भरवसा?"

"पाच द्या हो, पाच!" इनास रडकुंडीला आला.

"पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवली. कृपा असली तर घागर कशाला? वाटी पुरे!"

"चाळीस!" मागून कुणीतरी ओरडलं.

"चाळीस दिवस पाऊस पडला नि जग बुडालं. आता माझी विहीर बुडवा!"

एवढं झाल्यावर शेठने मांडीवर थाप मारली. "ऐका रे! बायबलातला असा एक आकडा सांगा, ज्याचा अर्थ मला सांगता येणार नाही. विहीर तुमची! नाहीतर कुलूप तसंच."

बँडमास्तरने बरंच डोकं खाजवून विचारलं, "जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आले, त्याचं काय?"

"एवढे मासे मोजत बसले, म्हणजे शिष्यांना भूक नव्हती. हा अर्थ! पुढचा!"

पुढचा कुणीच नव्हता. नातलने घागर खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

तेव्हा पुढे आली रेमेत. इनासची नवी सून. ईस्टरनंतर लग्न होऊन आली, तेव्हापासून घरात तिचे दोनच शब्द ऐकू येत, "हो" आणि "वाढू?" बोलत नसे, म्हणून बघायला तिला पुष्कळ वेळ मिळे. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेवेळी सगळे वेदीकडे बघत, रेमेत शेठकडे बघे. टोपी काढून बसलेला शेठ, खिडकीतून वारा आला की डोक्यावर हात दाबून धरी. डाव्या कानावरचे लांब केस उजव्या कानापर्यंत नेऊन चिकटवलेले असत ना!

"शेठ, एक आकडा आहे," रेमेत म्हणाली. "खुद्द देवाने मोजलेला."

"बोल की!"

"'तुमच्या डोक्यावरले केसही सगळे मोजलेले आहेत.' असं लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग तुमच्या डोक्यावर आकडा किती, आणि त्याचा अर्थ काय?"

बँडवाल्यांपैकी एकाच्या तोंडातली पिपाणी नको तेव्हा वाजली. इनासने कपाळाला हात लावला.

"तो आकडा कुठे लिहिलेला नाही!" शेठ गुरगुरला.

"लिहिलेला नसला तरी मोजलेला आहे. आपण पुन्हा मोजून बघू. नाहीतर हरलो म्हणा, टोपी राहू दे."

हरलो म्हणेल तो बस्त्याव कसला! त्याने टोपी काढून मांडीवर आपटली. "मोज!"

रेमेत खुर्चीमागे उभी राहिली. एकेक केस उचलून मोजू लागली. फार वेळ लागला नाही.

"अकरा."

"अकरा!" शेठ खूश होऊन ओरडला. "यहूदा गेला, उरले अकरा! निष्ठावंत! सांगितला अर्थ! जिंकलो!"

टच्!

"आई गं!"

"आता दहा," रेमेत शांतपणे म्हणाली.

"दहा... दहा आज्ञा!" शेठच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

टच्!

"आता नऊ."

"पवित्र आत्म्याची नऊ फळं... अगं, अगं, थांब!" शेठने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. "उपटतेस काय, पोरी? अर्थ सांगतोय ना मी!"

"सांगा की. मी कुठे नाही म्हणते? अर्थ तुमच्याकडे पोत्याने आहेत, शेठ. केसच पुरायचे नाहीत!"

मग खुर्ची हलायला लागली. शेठ डोकं धरून हसत होता, पोट हलवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "हरलो! बाबांनो, हरलो!" त्याने कमरेची किल्ली काढून रेमेतच्या हातात टाकली. "ही तुझ्याकडेच ठेव. यापुढे वाडीतली कुठलीही नवरी इथून कोरडी जायची नाही. आणि तुला माझ्याकडून लाल लुगडं, भारीतलं!"

बँड सुरू झाला. नातल पळतच विहिरीकडे गेली.

"घागरी किती..." शेठच्या तोंडात आलंच. त्याने जीभ चावली. "नको, नको! सांगू नका! हव्या तेवढ्या न्या!"

घागर भरून परत जाताना रेमेत खुर्चीपाशी थांबली. मूठ उघडून दोन केस तिने अदबीने त्याच्या टोपीत ठेवले.

"जपून ठेवा हं, शेठ. वर मोजलेले आहेत!"