अनसाबाईचं नीरांजन

परसोबा महाराज हिवरखोऱ्यात आले तेव्हा आषाढ सरत आला होता. भाविकहो, तिथल्या नागेश्वराच्या देवळापुढे ऐसपैस ओसरी आहे, वडाची गार सावली आहे. गावोगावचे गोसावी-बैरागी तिथंच उतरतात, कारण तिथं बसलं की येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरता येतं. महाराजांनी ओसरीकडे पाहिलंसुद्धा नाही. ते देवळाला वळसा घालून मागे गेले आणि जिथं अभिषेकाचं पाणी मोरीतून बाहेर पडतं, जिथं राखेचा ढीग आणि भांडी घासायचा दगड असतो, तिथं घोंगडी टाकून बसले. कुठल्याही गावात त्यांची हीच रीत. परसदारी बसणारे म्हणून लोक त्यांना परसोबा म्हणत. खरं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या घासायच्या दगडावर तीस वर्षं एकच बाई बसत होती, अनसाबाई. सतराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून देवळातले दिवे घासायचं काम तिच्याकडे आलं. समया, लामणदिवे, पंचारत्या, सगळं काळं होऊन मागच्या दारानं बाहेर यायचं आणि चिंच-राखेनं लखलखीत होऊन त्याच दारानं आत जायचं. कुठल्या समईच्या हंसाची चोच वाकडी आहे, कुठल्या दिव्याच्या साखळीची कडी झिजली आहे, हे ती डोळे मिटून सांगे. पण त्यातला एकही दिवा गाभाऱ्यात तेवताना तिनं पाहिलेला नव्हता. विधवेची सावली देवाच्या दिव्यावर पडू नये, असा गावाचा नियम होता. हात चालत होते, सावली चालत नव्हती! हा नियम देवानं केलेला नाही. ज्यांनी केला त्यांनी तिनं घासलेल्या दिव्यांच्या उजेडात बसून केला, आणि त्यांना लाज वाटली नाही.

पहिल्याच दिवशी महाराजांनी तिला विचारलं, "अनसा, ही मोठी समई पेटल्यावर कशी दिसते गं?"

अनसाबाई हसली. "मला काय ठावं, म्हाराज? पेटल्यावर तिचं माझ्याकडं काय काम? काजळी धरली की येती. लई गुणाची हाय, दर आठवड्याला येती."

महाराज हसले नाहीत. त्यांनी ढिगातली मूठभर राख घेतली आणि समईची दुसरी बाजू घासायला लागले.

ती समई त्याच सुमारास तडकली. तेल झिरपून गाभाऱ्याची फरशी ओशट व्हायला लागली. दिव्यांची अवस, म्हणजे आषाढातली अमावास्या, चार दिवसांवर आली होती. त्या दिवशी घराघरांतले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात, कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवतात. अशा दिवशी देवापुढे फुटकी समई कशी चालेल? गावानं सटवाजी ओताऱ्याला बोलावलं आणि जुन्या रिवाजाप्रमाणे हाळी दिली, की घरटी एक तरी पितळेची मोड आणून टाका. फुटका तांब्या असो, बिनकानाची परात असो. सगळ्या घरांची मोड एका मुशीत वितळते, तेव्हा ती समई गावाची होते. पाच वाती लागतात, पण त्या पेटतात सगळ्यांच्या वतीनं.

अनसाबाईच्या घरात पितळेची एकच वस्तू होती. आईनं दिलेलं नीरांजन, मुठीत मावेल एवढं. रोज संध्याकाळी घरात तेवढाच उजेड. ते दिलं की घर अंधारात, हे तिला कळत होतं. पण तिनं मनाशी घेतलं होतं, आपल्याला आत जाता येत नाही तर निदान आपलं पितळ तरी आत जाऊ दे. तिनं नीरांजन घासलं, पदराआड धरून देवळापुढे नेलं आणि मोडीच्या ढिगावर हलकेच ठेवलं.

ढिगाशेजारी भगवंतराव इनामदार खुर्ची टाकून बसले होते. गावात जे जे होईल ते आपल्या हातून झालं असं दिसलं पाहिजे, ही त्यांची जन्माची हौस. त्यांनी काठीच्या टोकानं नीरांजन ढिगावरून उडवलं.

"अनसे, अक्कल आहे का? तुझ्या घरचं ओवळं पितळ देवाच्या दिव्यात?"

"धुऊन आणलंय, रावसाहेब."

"पितळ धुता येईल. कपाळ धुता येईल का?"

चारजण हसले. हसणारे चारच असतात, पण गप्प बसणारे अख्खं गाव असतं. नीरांजन घरंगळत देवळाच्या कडेनं मागे गेलं आणि मोरीपाशी महाराजांच्या घोंगडीला अडकून थांबलं. अनसाबाई डोळे पुशीत मागे आली, तर महाराज ते राखेनं घासत होते.

"पदराला बांधून ठेव," महाराज म्हणाले. "लागेल."

इनामदारांनी त्याच दिवशी आपल्या आजोबांची समई वाजतगाजत आणली. हातभर उंच, उचलायला दोन गडी. तिच्या वजनावर गावाची छाती फुगली. सटवाजी म्हणाला, "रावसाहेब, हिचा पाय फोडून बघाय पायजे. भरीव हाय का पोकळ—"

"माझ्या आजोबांच्या समईला पोकळ म्हणतोस? फोडायची नाही! अख्खी घालायची मुशीत, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत. आणि नव्या समईच्या बैठकीवर माझं नाव पाहिजे."

सटवाजी पोटासाठी गावोगाव फिरणारा माणूस, काय बोलणार? त्यानं मेणाची समई घडवली. खाली रुंद बैठक, मध्ये दांडा, वर पाच चोचींची तेलाची वाटी आणि शेंड्याला हंस. बैठकीच्या कडेवर मेणाची अक्षरं बसवली, 'भगवंतराव इनामदार यांजकडून'. मेणाच्या आठपट पितळ लागतं, हा त्याच्या धंद्याचा हिशेब. इनामदारांची समई धरून वजन बरोबर भरलं. मग मेणावर मातीचे लेप चढवले, तो साचा भाजून मेण वाहून जाऊ दिलं, आणि अवसेच्या सकाळी तापलेला साचा खड्ड्यात उलटा पुरला. हंस खाली, बैठक वर.

पावसानं उघडीप दिली होती. सारं गाव गोळा झालं. अनसाबाई लांब, देवळाच्या कोपऱ्याशी उभी राहिली. सटवाजीची बायको भाता ओढत होती. आधी गावची मोड वितळली, मग इनामदारांची समई मुशीत उभी सोडली. तिच्या पायाला धग लागली मात्र, काळाकुट्ट धूर उसळला! करपलेल्या लाखेचा वास सुटला आणि रसावर विटकरीच्या भुग्याची जाड साय आली. समई आतून पोकळ होती. वजन दिसावं म्हणून कुण्या काळी कुण्या कारागिरानं तिच्यात लाख आणि विटांचा चुरा कोंबला होता. तीन पिढ्या इनामदार तो चुरा पुजत होते.

सटवाजीनं साय काढून टाकली, मुशीत डोकावला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "रस कमी हाय. हंस हुईल, वाटी हुईल, दांडा हुईल. पाय न्हाई व्हायचा. समई हुबीच न्हाई राहायची."

इनामदार ताडकन उठले. "पितळ खाल्लंस! बांधा रे ह्याला!"

"सगळ्यांच्या म्होरं वितळलं, रावसाहेब. चोरू काय, धूर?" सटवाजीनं साच्याकडे बोट दाखवलं. "साचा गार हुतोय. गार साच्यात रस धरत न्हाई. घटकाभरात ओतलं न्हाई तर समदं मातीत गेलं, आन् आज देवाला दिवाच न्हाई!"

जो तो एकमेकाकडे पाहू लागला. प्रत्येक घराची मोड आधीच पडली होती, आणि घरून आणखी पितळ आणायला वेळ नव्हता. दोन गडी दोरी घेऊन पुढे सरसावले. तेवढ्यात देवळाच्या मागून परसोबा महाराज आले. ते पुढच्या अंगणात आलेले गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"सोडा त्याला," महाराज म्हणाले. "कुणाची मोड टाकायची राहिली का?"

महाराज देवळाच्या कोपऱ्याकडे वळले.

"अनसा, तुझी राहिली ना गं?"

अनसाबाईनं पदराची गाठ मुठीत धरली. "म्हाराज, नगं. समई बिघडली तर माझ्याच नावानं खडं फोडतील."

"फोडू देत. तू ये."

इनामदार मोठ्यानं हसले. "तीन शेरांची तूट, आणि हे नीरांजन भरवणार? त्यानं समईचा पाय झाला, तर महाराज, हे पागोटं उतरवून ठेवीन!"

अनसाबाईनं पदराची गाठ सोडली. तीस वर्षांत तिच्यासाठी वाट अशी मोकळी झाली नव्हती. अर्धे लोक महाराजांच्या धाकानं सरकले, अर्धे तिची सावली अंगावर पडेल म्हणून. तिनं नीरांजन कपाळाला लावलं आणि मुशीत सोडलं. क्षणभर ते रसावर तरंगलं, जणू आत निखाऱ्याची वात लागली आहे. मग विरघळलं.

"ओत," महाराज म्हणाले.

सटवाजीनं देवाचं नाव घेतलं आणि चिमट्यानं मूस उचलली. रसाची सोनेरी धार साच्याच्या तोंडात उतरली. एकदा धार सुरू झाली की थांबायचं नसतं, म्हणून तो मान खाली घालून ओतत राहिला. हंस भरला असेल. वाटी भरली असेल. दांडा. आता संपेल, आता तुटेल, असं त्याच्या मनात येत होतं, पण धार तुटत नव्हती! मूस पार कलली, तिचा तळ दिसायला हवा होता, तरी रस येतच होता. भाता ओढणारी बाई भाता विसरून उभी राहिली. अखेर साच्याच्या तोंडाशी रस काठोकाठ आला, तेव्हा धार आपोआप थांबली. नागेश्वराचा असा गजर झाला की वडावरची पाखरं उडाली.

दुपार कलल्यावर साचा फोडला. मातीच्या खापऱ्या गळून पडल्या आणि समई उभी राहिली. पाच चोची, मान उंचावलेला हंस आणि खाली भक्कम, रुंद बैठक. इनामदार लगबगीनं वाकून आपलं नाव शोधू लागले. बैठकीभोवती त्यांनी दोनदा हात फिरवला. अक्षर नव्हतं. बाकी सगळी समई साच्यातून निघालेल्या कामासारखी खरखरीत होती. फक्त बैठक गुळगुळीत, चकचकीत, कुणी तीस वर्षं चिंच-राखेनं घासत बसावं तशी.

"माझ्या हातानं अक्षरं बसिवली हुती," सटवाजी पुटपुटला.

इनामदारांनी पागोटं उतरवलं आणि ते महाराजांच्या पायांकडे वळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याकडे काय आहे? आज हिला गाभाऱ्यात दिवा लावू दे."

गुरव चाचरला. "महाराज, पण तिची सावली..."

"बघू कुठं पडते ते."

दिवेलागणीला नवी समई गाभाऱ्यात नेली. तीस वर्षं मागच्या दारापाशी थांबलेली अनसाबाई पुढच्या दारानं आत गेली. इनामदार बोडक्या डोक्यानं उंबऱ्याबाहेर उभे होते. तिनं तेल घातलं, एकेक करून पाच वाती लावल्या. ज्योती सरळ झाल्या, हंसाच्या पाठीवर उजेड चढला, पिंडी झळाळली. अनसाबाई दोन्ही हात गालांवर ठेवून बघतच राहिली.

"अगं बया," ती समईला म्हणाली, "अशी दिसतीस व्हय तू!"

दिव्यासमोर उभ्या माणसाची सावली दिव्यावर पडत नाही, भाविकहो. ती मागे पडते. इतक्या वर्षांत हे गावातल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं. अनसाबाईची सावली तिच्या पाठीमागे लांबत गेली, उंबरा ओलांडून बाहेर आली आणि भगवंतराव इनामदारांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत पसरली. सारं गाव बघत होतं. इनामदार बाजूला सरकले नाहीत. त्यांनी हात जोडले, गुडघे टेकले, आणि त्या सावलीतच उंबऱ्यावर डोकं ठेवलं.