तीन दिवाळ्या टिकणारी केरसुणी

सातविहिरी नावाचं एक गाव होतं. विहिरी तिथे सहाच होत्या. सातवी कुठे गेली ते मला विचारू नका, कारण ही गोष्ट विहिरींची नाहीच. ही गोष्ट आहे गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे राहणाऱ्या सगुणीची.

सगुणी बारा वर्षांची होती. तिच्या झोपडीत एक चूल होती, एक मडकं होतं आणि दोन चटया होत्या. एक चटई ती रोज अंथरायची. दुसरी तिच्या आईची. आई गेल्यापासून ती गुंडाळून खुंटीला अडकवलेली होती. तिच्यावर बसायला कुणी नव्हतंच, मग अंथरायची कुणासाठी?

सगुणी केरसुण्या बांधायची. शिंदीच्या पाती आणायच्या, उन्हात वाळवायच्या, विंचरून बारीक करायच्या आणि वाखाच्या दोरीने आवळून मूठ बांधायची. आई गाठ मारताना म्हणायची, "तीन दिवाळ्या टिकली नाही तर परत आण म्हणावं." सगुणीही प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगायची आणि गाठ तशीच मारायची, दात-ओठ खाऊन, बोटं लाल होईपर्यंत.

आणि इथेच सगळा घोळ झाला बघा!

आई गेली त्या वर्षीच्या दिवाळीला गावातल्या झाडून सगळ्या घरांनी सगुणीकडून केरसुणी नेली. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणायची, तिला हळदकुंकू वाहायचं, ही गावाची रीतच होती. पुढच्या वर्षी सगुणीने पहाटे उठून अंगण सारवलं, पिवळी-गुलाबी रांगोळी काढली, केरसुण्या ओळीने मांडल्या आणि दारात बसून राहिली. एकही माणूस आला नाही. घरोघरी जुनी केरसुणी नव्यासारखीच होती ना! बायकांनी तिलाच धुतलं, पुसलं आणि हळदकुंकू लावलं. संध्याकाळी पलीकडे गाव पणत्यांनी लखलखलं. सगुणीने आपल्या न खपलेल्या केरसुण्यांना एकेक करून कुंकवाचं बोट लावलं. निदान त्यांना तरी वाईट वाटू नये.

बाजाराच्या दिवशी परगावचं कुणीतरी एखादी केरसुणी न्यायचं, तेवढ्यावर तिची भाकरी भागायची. भाकरीचं तिला फार काही वाटायचं नाही. वाटायचं ते याचं, की दिवसचे दिवस तिच्याशी कुणी बोलत नसे. कधी कधी आपला आवाज आहे की गेला हे पाहायला ती मडक्यात तोंड घालून "कू" म्हणायची. मडकं "कू" म्हणायचं. झाल्या गप्पा!

बाजारात तिच्या शेजारी नथूशेठ बसायचे. त्यांच्या झाडूंना लाल-हिरव्या चकचकीत मुठी होत्या आणि भोवती सदा माणसांची झुंबड. कुणी भांडायला, कुणी बदलून मागायला, कुणी नवा घ्यायला. सगुणी त्या गर्दीकडे डोळे लावून बसायची.

"पोरी, तुला धंदा कळत नाही," नथूशेठ एकदा म्हणाले. "गाठ जरा सैल मार. महिन्यात काड्या गळल्या की गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं. तुझ्याकडे कोण कशाला येईल परत?"

ते वाक्य सगुणीच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं.

पुन्हा दिवाळी आली. लक्ष्मीपूजन आठ दिवसांवर होतं. सगुणी विळा घेऊन शिंदीच्या बनात गेली. सकाळचं कोवळं ऊन पडलं होतं. दवाचे थेंब पातींच्या टोकांवर चमचम करत होते, निळी-जांभळी रानफुलं टुकूटुकू बघत होती आणि झाडांना सुगरणींचे खोपे लटकत होते. पिल्लं केव्हाच उडून गेली होती. खोपे वाऱ्यावर नुसते हलत होते.

एका झाडाची पात सगळ्यांत लांब आणि सरळ होती. तिच्या टोकाला एक अर्धवट खोपा होता, विणता विणता सोडून दिलेला. सगुणीने विळा लावला आणि मागे घेतला.

"राहू दे," ती स्वतःशी म्हणाली. "अर्धं असलं म्हणून काय झालं? कुणाचं तरी घर आहे."

"माझं आहे," खोप्यातून आवाज आला.

आणि बाहेर डोकावली एक इवलीशी परी! चिमणीपेक्षाही लहान. पंख हळदीसारखे पिवळेधम्मक, झगा दवाचा, केसांत गवताचं नाजूक फूल. हातात एक सोनेरी काडी होती, आणि ती हलली की आजूबाजूच्या हवेत सोन्याचे कण तरंगायचे.

"घाबरलीस?" परीने हळूच विचारलं.

"नाही," सगुणी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू माझ्याशी बोललीस ना, म्हणून."

परी पातीवर बसली. "माझं घर राखलंस, म्हणून तुझी एक इच्छा पुरी करीन. पण नियम आहेत हं. पहिला नियम, कुणाचं मन मागायचं नाही. मनं माझ्या काडीच्या ताब्यात नाहीत."

सगुणीचा चेहरा उतरला. ती मैत्रीणच मागणार होती.

"दुसरा नियम, तुझी इच्छा ज्याच्या घरात शिरणार असेल, त्याच्या उंबऱ्यावर उभं राहून आधी त्याला विचारायचं. आणि तिसरा, लक्ष्मीपूजनाचा दिवा लावायच्या आत मागायचं. दिवा लागला की काडी विझली."

सगुणीने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग खाली बघतच म्हणाली, "माझ्या सगळ्या केरसुण्या आजच झिजू दे असं मागितलं, तर झिजतील?"

"गावभरच्या? हो, झिजतील."

"मग माणसं येतील माझ्याकडे?"

"धावत येतील," परी म्हणाली. तिचा आवाज मात्र जरा बारीक झाला होता. "पण विचारायला हवं. प्रत्येक उंबऱ्यावर."

सगुणी दोन वर्षांत कुणाच्या दारात गेली नव्हती. ओढा ओलांडून ती गावात शिरली. पहिलं घर होतं गोंदाबाईंचं. गोंदाबाई फुटाणे भाजून विकायच्या आणि त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता.

"कोण गं तू? केरसुणीवाली ना? काय हवं?"

सगुणी उंबऱ्यावर उभी राहिली. 'तुमची केरसुणी मोडू दे का?' एवढंच विचारायचं होतं. पण कोपऱ्यात तिला आपली केरसुणी दिसली. स्वच्छ, नीट उभी करून ठेवलेली. आईने शिकवलेली गाठ जशीच्या तशी होती. तिच्या तोंडून दुसरंच काहीतरी बाहेर पडलं.

"मावशी, केरसुणी... कशी चाललीय?"

इतक्या वर्षांत गोंदाबाईंना हे कुणी विचारलं नव्हतं. "केरसुणीला काय झालंय? दगडासारखी हाय. पण बाई गं, वाकून वाकून माझी कंबर गेली बघ. आखूड पडती मला."

"मला कधी बोलला नाहीत?"

"तू कधी इचारलंस?"

खरंच की! सगुणी तिथेच पायरीवर बसली. मूठ उकलली, परसातली बांबूची काठी मागून घेतली, ती आत घालून पुन्हा करकचून बांधली. गोंदाबाईंनी उभ्यानेच ओटी झाडून पाहिली आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. सगुणीला मूठभर गरम फुटाणे मिळाले. झोपडीत परत येईपर्यंत तिला आठवलंच नाही की इच्छेचं विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती महादू शिंप्याकडे गेली. त्याच्या दुकानात केरसुणीत दोरे अडकत होते. तिने पाती आणखी बारीक विंचरून दिल्या. कुणाच्या घरी केरसुणीने शेण-माती चांगली निघायची पण पीठ निघत नसे, कुणाच्या सुनेच्या हाताला मूठ टोचत होती. सगुणी नाव आणि तक्रार मनात पक्की ठेवायची, आणि 'उद्या सकाळी येते' म्हणाली की उद्या सकाळी तिथे हजर असायची. पाऊस असो की ताप, तिने एकाही घराला ताटकळत ठेवलं नाही. रोज निघताना ती ठरवायची, आज विचारायचंच. आणि रोज उंबऱ्यावर पुन्हा 'केरसुणी कशी चाललीय?' एवढंच विचारायची.

सातव्या दिवशी नथूशेठ तिला वाटेत भेटले आणि पोट धरून हसले. "फुकट नीट करून देतेस? अगं वेडे, होतं नव्हतं ते गिऱ्हाईकही घालवलंस! आता पाच वर्षं कुणी फिरकणार नाही तुझ्याकडे."

शेठ खोटं बोलत नव्हते. आपल्याच हातांनी आपण आपल्या दाराची वाट बुजवली, असं तिला वाटलं. ती ओढ्याकाठी बसून खूप रडली. तरी तोंड धुऊन उठली, कारण एका घरी सांजेपर्यंत येते म्हणून सांगितलं होतं.

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला आणि कलला. अंगण सारवलेलं होतं, रांगोळी काढलेली होती, केरसुण्या ओळीने मांडलेल्या होत्या. कुणी आलं नाही. आकाश केशरी झालं, मग जांभळं झालं. पलीकडे गावात एकेक पणती लुकलुकायला लागली. सगुणीने आपली पणती समोर घेतली, वात तेलात बुडवली आणि तशीच बसून राहिली.

पणतीच्या काठावर पिवळे पंख मिटून परी येऊन बसली.

"अजून दिवा लागलेला नाही," ती हळुवारपणे म्हणाली. "विचारलंस का कुणाला?"

"नाही विचारवलं," सगुणी म्हणाली. "गोंदामावशींची केरसुणी आत्ता पाटावर असेल. हळदकुंकू लावता लावता ती त्यांच्या हातात मोडली तर? तीन दिवाळ्या टिकेल असं मी त्यांना सांगितलंय."

"मग तुला एकच इच्छा मागता येईल. जी दुसऱ्या कुणाच्या घरात शिरत नाही, तुझ्याच घरात राहते. रेशमी परकर माग. चांदीचं मडकं माग. उंबरा तुझाच आहे, विचारायला नको."

सगुणीने झोपडीभर नजर फिरवली. चूल, मडकं, खुंटीवरची गुंडाळलेली चटई.

"तू जरा वेळ बसतेस?" तिने विचारलं. "मी दिवा लावीपर्यंत. कुणी बसलेलं असलं की दिवा लावायला बरं वाटतं."

परीने मान डोलावली आणि सगुणीच्या अंगठ्यावर येऊन बसली. सगुणीला तिच्या इवल्याशा पायांची ऊब जाणवली. मग तिने दिवा लावला. काडी विझली आणि झोपडीत एकच पिवळा, शांत उजेड पसरला.

तेवढ्यात ओढ्याकडून आवाज आला, चांगला खणखणीत.

"अगं ए केरसुणीवाले! हैस का घरात? ह्या दगडावरून पाय घसरतोय माझा, दिवा दाखव की!"

परी हसली. ती आता अर्धी दिसत होती आणि अर्धी उजेडच झाली होती. "एक नियम सांगायचा राहिला, सगुणी. ज्याच्याशी बोलायला कुणी नसतं, त्यालाच मी दिसते."

"म्हणजे तू आता..."

"खोप्याकडे लक्ष असू दे," परी म्हणाली. सोन्याचे कण गिरक्या घेत वर उडाले, छपराच्या फटीतून निघाले आणि दिसेनासे झाले. सगुणीच्या अंगठ्यावर थोडी ऊब उरली.

दारात गोंदाबाई उभ्या होत्या. एका हातात लांब दांड्याची केरसुणी, दुसऱ्या हातात हळदकुंकवाची वाटी. मागे महादू शिंपी होता, त्याची बायको होती, आणखी दहाबारा दिवे ओढा ओलांडत येत होते.

"केरसुणीला कुंकू लावलं आणि म्हटलं, बांधणारीचं कपाळ कोरडंच हाय की," गोंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सगुणीच्या कपाळाला कुंकू टेकवलं. "दोन वर्षं आम्हांला वाटायचं, पोरीला माणसांची आवड न्हाई. तू आलीस तवा कळलं. आणि हे बघ, माझ्या बहिणीला असल्याच लांब दांड्याच्या दोन पाहिजेत. माझ्या भावजयीनं नथूशेठचा झाडू नेला होता, आठवड्यात टक्कल पडलं त्याला!"

"माझ्या सोयऱ्यांना बारीक विंचरलेली हवीय," महादू म्हणाला. "मी त्यांना सांगितलंय, ही पोर उद्या म्हणाली की उद्या येते."

सगुणी भिंतीपाशी गेली, खुंटीवरची चटई तिने काढली आणि झटकून अंथरली. दोन वर्षं गुंडाळलेली ती चटई कडेने वळत होती, नीट पसरायला तयार नव्हती. सगुणी तिच्या टोकावर दाबून बसली आणि आता तिला रडू आवरेना.

गोंदाबाई कंबरेवर हात ठेवून खाली टेकल्या. कंबरेला खोचलेली फुटाण्यांची पुडी त्यांनी मधोमध सोडली.

"रडतीस काय, खुळे? सरक जरा," त्या म्हणाल्या. "मला बसायला जागा कर."