बेचाळीस गाड्यांचा साधेपणा

सोनतळी संस्थानच्या महाराजांना वाड्यातल्या थाटाचा कंटाळा आला आणि त्यांनी चार दिवस रानात तंबू ठोकून साधेपणानं राहायचं ठरवलं. संस्थानचे सगळे तंबू म्हाताऱ्या इमामभाईंच्या ताब्यात होते. त्यांना हुकूम सुटला, "वाड्यातलं काही तिथं कमी पडलं, तर तुमची चाकरी गेली म्हणून समजा."

इमामभाई तीन दिवस बांधाबांध करत होते. पलंग झाला, झुंबर झालं, आरसे कापसात गुंडाळून झाले. दोर आवळावा, तोच महाराजांना आणखी काहीतरी आठवे आणि यादीत भर पडे. धूळ नको म्हणून गालिचे आले, ऊन नको म्हणून वाळ्याचे पडदे आले, कोल्हेकुई कानी पडू नये म्हणून सनईवालेही आले. बेचाळीस गाड्या भरल्या.

चौथ्या दिवशी महाराज पाहणीला आले. "काही राहिलं तर नाही ना?"

इमामभाईंनी एका हातानं कंबर धरून मुजरा केला. "वाड्यातलं काही राहिलं नाही, सरकार. पण यादीत रानातलं काहीच दिसत नाही. त्यातलं काय हवंय तेवढं सांगावं. एका गाडीत मावेल. मी ते इकडेच घेऊन येतो."

महाराजांनी गाड्यांच्या रांगेवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "एक तंबू आणि एक घोंगडी राहू द्या. बाकीचं उतरवा."

एक्केचाळीस गाड्या. इमामभाईंनी पहिल्या गाडीचा दोर सोडला. निदान एकदाच उतरवायच्या होत्या. रानात उतरवून पुन्हा भरायच्या नव्हत्या.