भोकरमाळचा उष्टा घास

भोकरमाळच्या मिशनात नाताळची शेवटची पंगत बसली की फादर बंगल्यातून बाहेर येतात. त्यांच्यासाठी पाट मांडलेला नसतो, ताटही वाढलेलं नसतं. ते सरळ पंगतीच्या टोकाला जातात, सगळ्यात शेवटी जो बसला असेल त्याच्या शेजारी खाली मांडी घालतात आणि त्याच्या ताटातला, त्यानं कालवलेला एक घास उचलून खातात. मग स्वतःचं जेवण. याला इकडं 'उष्टा घास' म्हणतात. एकदा खुद्द बिशप आले होते, त्यांनाही तो चुकला नाही म्हणे.

बघा, मुरडलंत ना नाक? मुरडा, खुशाल मुरडा. ज्या फादरांपासून हे सुरू झालं त्यांचं नाक तुमच्याहून तिखट होतं.

फादर इनास त्यांचं नाव. वसईकडचे, केळीच्या बागेत वाढलेले. इकडं आले तेव्हा रस्ता नव्हता, घोड्यावरून वाड्यावस्त्या फिरायचे. अंगात पांढराशुभ्र झगा, आणि खोगिराला स्वतःचा फिरकीचा तांब्या नि स्वतःचा डबा बांधलेला. कुणी चहा पुढं केला की, "आत्ताच घेतला." कुणी भाकरी पुढं केली की, "आज उपास आहे." आमची माणसं भाबडी. त्यांना वाटायचं, केवढा हा व्रतस्थ पुरुष! कसलं व्रत नि कसलं काय. त्या माणसाला किळस यायची, एवढंच. आमच्या भांड्यांची, आमच्या हातांची, चुलीपुढच्या आमच्या शेंबड्या पोरांची.

तसा माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तापाची साथ आली तेव्हा घरोघर औषध पोचवलं, शाळा बांधली, मिशनाची विहीर खणली. पण कुणाला हात लावायचा म्हटलं की आतून आक्रसायचे. आणि देवानं त्यांना नेमकं तेच काम दिलेलं. मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, माणसं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायची, तोंड उघडून जीभ पुढं काढायची, आणि फादरांनी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली पातळ भाकर, आपल्या बोटांनी त्या जिभेवर ठेवायचा. सकाळच्या पारी, उपाशीपोटी, बघायचं काय तर जिभा! प्रसाद घ्यायचा तर आधी काही खायचं नाही, हे सगळ्यांना पाठ. पण मिश्रीला उपास कुठला? काळ्या जिभा, पिवळ्या जिभा, विडीच्या वासाच्या जिभा. फादर श्वास रोखून धरायचे आणि ओठांनी प्रार्थना म्हणायचे, असं सांगतात.

आता आळ्यांचं ऐका, कारण सगळी घाण तिथंच आहे. मिशनात तेव्हा दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दोन्ही गावकुसाबाहेरच्याच. दोन्हींच्याही ओंजळीत गावानं पिढ्यान् पिढ्या वरून पाणी ओतलेलं. वरची आळी आधी ख्रिस्ती झाली. शिकली, शर्ट घालू लागली. खालची आळी घायपात कुजवून तिचा वाख काढायची आणि दोर वळायची. कुजक्या घायपातीचा वास ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल. तो हाताला एकदा लागला की साबणानं जात नाही, माणसाबरोबर मातीतच जातो.

त्या खालच्या आळीतली ठकूबाई एक दिवस बंगल्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. विधवा बाई, उंच, हाडापेरानं मजबूत. तिनं फादरांना देवाबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुमच्यात समद्यांना एका पंगतीत बसवत्यात, आसं म्हन्त्यात. खरं हाय का?"

"खरं आहे," फादर म्हणाले.

"शबुद?"

फादरांनी गळ्यातल्या क्रुसावर हात ठेवला. "शब्द."

त्या शब्दावर ठकूबाईनं बाप्तिस्मा घेतला, आणि तिच्यामागं सगळी खालची आळी आली. इतक्या माणसांनी आपला जुना देव, जुना भगत, जुनी जत्रा सोडली ती पंगतीतल्या जागेसाठी. हसू नका. ज्याला कायम जागा मिळाली त्याला तिची किंमत कळत नाही.

मग तिच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा रविवार आला. पावसाळा सरलेला, वाख काढायचे दिवस. ठकूबाई डोक्यावरून पदर घेऊन कठड्याशी टेकली, तिनं डोळे मिटले आणि जीभ पुढं केली. फादर तिच्यापुढं आले, वास आला, बोट जिभेला लागलं. त्यांनी बाहीतून रुमाल काढला, बोट पुसलं, रुमाल परत बाहीत खोचला आणि पुढच्या माणसाकडं वळले. बस. ठकूबाईनं डोळे मिटलेले होते, तिला कळलंही नाही. फादरही विसरून गेले.

पण वरच्या आळीनं पाहिलं. वरच्या आळीला तर पाहायलाच हवं होतं! बाहेर पडता पडता कुजबुज सुरू झाली: फादरांनी विटाळ धरला. फादरांना कळत नाही व्हय? शिकलेला माणूस, लॅटिन बोलतो. आपलीच चूक झाली, आपण तिच्यामागून उष्ट्या बोटांचा प्रसाद घेतला.

पुढच्या रविवारी वरची आळी सगळी आधी पुढं आली, खालची मागं राहिली. फादरांना वाटलं, वा, ओळ कशी शिस्तीत लागली. मग लाजरस मास्तरांनी, म्हणजे लोकांना धर्मशिक्षण द्यायचे ते, वरच्याच आळीचे, कठड्याजवळ पाण्याची पितळी वाटी आणि टॉवेल ठेवला. खालच्या आळीचं झालं की मास्तर वाटी पुढं करणार, फादर त्यात बोटं धुणार, आणि मगच वरच्या आळीतले उशिरा आलेले प्रसादाला टेकणार. फादरांना कोण आनंद! अखेर एका माणसाला तरी स्वच्छता कळली, म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत मास्तरांची पाठ थोपटली. वरच्या आळीला आणखी काय हवं होतं? आता तर शिक्काच बसला. या जागी मला दरवेळी थुंकावंसं वाटतं. देवळाच्या आवारात आहोत म्हणून गिळतो.

नाताळ आला. देवळात गोठा मांडला, त्यात खरं गवत, खरं शेण. फादरांनी त्या सकाळी फार सुंदर प्रवचन केलं म्हणे. देवाचा पुत्र महालात नाही जन्मला, जनावरांच्या शेणामुतात जन्मला. बायका डोळे पुसत होत्या. मग वाटीत बोटं धुऊन झाली, मिस्सा संपली आणि फादर पंगत बघायला आवारात आले.

वरची आळी पटांगणात बसली होती, पत्रावळींवर मटणाचा रस्सा वाफाळत होता. फादरांनी खालची आळी कुठं दिसते का म्हणून मान वळवली. आवाराच्या कडेला बाभळीच्या काट्यांची कुपाटी होती. कुपाटीच्या पलीकडं मिशनाच्या गुरांचा उकिरडा. त्या उकिरड्याच्या कडेला खालची आळी बसली होती, घरून आणलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, थाळ्या घेऊन. वाढपी कुपाटीवरून हात लांबवून वरूनच रस्सा ओतत होते, भाकरी टाकत होते, आणि जी थाळीत पडत नव्हती ती शेणात पडत होती. एक म्हातारा शेणातली भाकरी उचलून धोतरानं पुसत होता.

फादरांना किळस आली. आजवर त्यांना किळस आली होती ती वासाची, घाणीची. ही निराळी होती, ती पायांपासून वर चढली.

"शी!" ते ओरडले. "शी, शी, शी! तुम्ही माणसं आहात की कोण आहात? काल गाव तुम्हाला असंच वाढत होतं ना? विसरलात? ज्या तोंडानं देव खाल्लात त्याच तोंडानं हे खाताय? मला तुमची किळस येते!"

 मग वरच्या आळीचे वडीलधारे, दाविदबाबा, हातातला घास खाली ठेवून उभे राहिले. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

"आवं फादर, आमी काय येगळं केलं? तिच्या जिभंला लागलेलं बोट तुमीच पुसलं की रुमालानं. आमी समद्यांनी पाह्यलं. वाटीत हात बी तुमीच धुता. आमी आपलं तुमच्या मागून चाललो."

फादर बोलायला गेले. म्हणणार होते, ते स्वच्छतेसाठी होतं, विटाळासाठी नव्हतं. शब्द अगदी ओठांवर आला. पण दाविदबाबांचे विडीनं पिवळे झालेले दात समोर होते. त्या तोंडात तर त्यांनी वर्षानुवर्षं प्रसाद ठेवला होता. तिथं कधी रुमाल काढला होता? मास्तरांच्या आईच्या मिश्रीनं काळ्या झालेल्या जिभेवर? नाही. किळस सगळ्यांची आली होती, पण बोट पुसलं होतं ते एकीलाच प्रसाद दिल्यावर. रुमाल कुणापुढं काढता येतो आणि कुणापुढं नाही, हे त्यांना न शिकवता कळत होतं. म्हणजे तेही वरच्याच आळीचे. तेव्हा फादरांना स्वतःची जी शिसारी आली ती त्यांनी म्हातारपणी कुणाला तरी सांगितली म्हणे, म्हणून आपल्याला कळते.

तोवर कुपाटीपलीकडं ठकूबाई उठली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. रुमालाचं तर तिला आजच कळत होतं. थाळी हातात घेऊन ती आपल्या लोकांना म्हणाली, "उठा रं. चला. जुना देव काय वाईट न्हवता. त्याला आपली बोटं चालत व्हती." आणि खालची आळी उठू लागली. पोरं, म्हातारे, सगळे. ती माणसं गेली असती तर परत आली नसती, आणि क्रुसावर हात ठेवून दिलेला शब्द उकिरड्यावर पडला असता.

फादर कुपाटीत घुसले. वळसा घालून जायला वाट होती, पण तेवढं भान कुठलं? झगा काट्यांत अडकून टरकन फाटला. पलीकडं जाऊन ते ठकूबाईच्या पुढ्यात शेणात बसले. तिच्या थाळीत भाकरी कुस्करून रश्शात कालवलेला काला होता, अर्धा खाल्लेला.

"ठकूबाई, तुमच्या ताटातला एक घास द्या."

"न्हाई देनार."

 फादरांना नाही म्हटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"का?"

"आता उपकार दावाया खाल. उद्या परत बोट पुसाल. मला न्हाई भरवायचं कुनाला. खायचं आसंल तर घाला तुमचा हात."

तिनं थाळी त्यांच्यापुढं आदळली. फादरांनी हात घातला. घायपातीचा वास आला, रश्शाचा आला, मिश्रीचा आला. त्यांनी घास तोंडात टाकला, चावला, गिळला. आणि तो परत वर आला! पुढच्या ओळीतल्या सगळ्यांनी पाहिलं असं सांगतात. मान ताठ झाली, गाल फुगले, डोळ्यांतून पाणी आलं. फादरांनी तोंडावर हात दाबून धरला आणि तोच घास पुन्हा गिळला.

ठकूबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग खाली बसली.

"ओकारी आली ना?"

"आली."

"मंग खरं खाल्लं," ती म्हणाली. तिनं थाळी स्वतःकडं ओढली. "आता तुमचं उष्टं झालं हे. पर चालतंय मला." आणि ती जेवू लागली. तिला जेवताना पाहून खालची आळी पुन्हा बसली.

वरच्या आळीचं काय झालं म्हणता? निम्मी दाविदबाबांबरोबर उठून घरी गेली. निम्मी बसून राहिली, बहुतेक भुकेनं. सगळ्यांचं हृदय पालटलं वगैरे सांगणारे सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. कुपाटी मात्र त्याच दुपारी पेटवून दिली, आणि फादरांनी नेम केला की नाताळला या मिशनचा फादर आधी शेवटच्या ताटातलं खाईल, मग स्वतःच्या. ते होते तोवर त्यांनी तो पाळला. दर नाताळला त्यांना ओकारी यायची म्हणे, अगदी शेवटपर्यंत. सवय काही झाली नाही. तरी खात राहिले.

आजही भोकरमाळला उष्टा घास होतो. फोटो निघतात, टाळ्या वाजतात, बाहेरगावचे लोक मुद्दाम बघायला येतात, जसे तुम्ही आलात. आता पटांगणात फरशी आहे, मांडव असतो, दोन्ही आळ्यांना पक्की घरं आहेत आणि कुठल्याच हाताला घायपातीचा वास येत नाही. फक्त शेवटी कोण बसणार यावरून दरसाल नाताळच्या आधी कमिटीची बैठक होते. वरच्या आळीतलं कुणी त्या जागेवर बसायला तयार होत नाही. लोक काय म्हणतील? मग खालच्या आळीच्या एखाद्या म्हातारीला सांगितलं जातं की मावशी, तुमचा मान आहे, आणि तिला टोकाला नेऊन बसवतात. इतके नाताळ झाले, इतके फादर आले नि गेले, पण वरच्या आळीचं ताट अजून एकदाही शेवटचं झालेलं नाही.