भिवरा बुरडिणीचे तीन महिने

आमच्या खापरपणज्यांनीही जिला पाहिलं नाही, त्या भिवरा बुरडिणीची ही हकिकत. सांगताना अजून माझं डोकं तापतं.

आंबेघोळच्या वेशीबाहेर तिची झोपडी होती. गावाची सुपं, टोपल्या तीच विणायची. त्या वर्षी ज्वारी हुरड्यात आली आणि रानडुकरं शिवारात घुसली. पाटलाच्या चांद्या कुत्र्यानं एकट्यानं अख्खा कळप नदीपार हाकलला. पण बांधावरून उडी घेताना त्याचा मागचा गुडघा पिरगळला आणि तो तीन पायांवर घरी आला. सात वर्षं ज्यानं शिवार राखलं, त्याच्याकडं पाटलानं एकदाच बघितलं.

"लंगडं कुत्रं काय कामाचं? रानात सोडून ये," त्यानं गड्याला सांगितलं.

गावात शंभर उंबरे होते. कुणी तोंड उघडलं नाही. भाकरी मात्र सगळे त्याच ज्वारीची खाणार होते.

वेशीवर भिवरानं गड्याला अडवलं. "ठेव खाली त्याला." तिनं अंगठ्यानं गुडघा चाचपला. "हाड शाबूत आहे. आतला बंध सुटलाय. तीन महिने लागतील."

बांबूच्या कामट्या तासून तिनं पायाला आधार बांधला, सैल नाही, घट्ट नाही. पळू नये म्हणून त्याला पालथ्या घातलेल्या मोठ्या डालग्याखाली ठेवलं. रोज मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. महिन्यानं दोरी धरून दहा पावलं चालवलं, मग वीस, मग नदीच्या उथळ पाण्यातून. लोक हसायचे.

इकडं डुकरं परत आली. तेव्हा पाटील झोपडीशी आला. "माझा कुत्रा दे."

"तुमचा होता तेव्हा तुम्ही टाकलात, पाटील. आत्ता त्याला डुकरांमागं पळवलंत तर गुडघा कायमचा जाईल."

पाटलानं काय करावं? तिला बेटातला बांबू तोडायची बंदी केली. पुन्हा सगळं गाव गप्प. भिवरानं आपल्या झोपडीचा कूड, म्हणजे बांबूची भिंतच, उसवला आणि त्याच्या कामट्या चांद्याच्या पायाला बांधल्या. ऐन थंडीत ती उघड्यावर राहिली.

असं म्हणतात, त्या फाल्गुनात खळ्यावर वारा आलाच नाही. मळणी झाली, पण वाऱ्याशिवाय ज्वारी उपणणार कशी? आठ दिवस भुशातलं धान्य तसंच पडून राहिलं. झाडाचं पान हलेना. कुत्र्याचा तळतळाट भोवला म्हणत नवव्या दिवशी पाटील मान खाली घालून झोपडीशी आला.

"चुकलो, भिवरा."

"मला नको. त्याला सांगा."

असं म्हणतात, पाटील त्या कुत्र्यासमोर धुळीत बसला आणि तेच बोलला. तीन महिने भरलेच होते; मग भिवरानं शेवटची कामटी सोडली. चांद्या चारही पाय टेकून खळ्याकडं चालू लागला, आणि त्याच्या मागोमाग वारा निघाला. सगळ्या गावाची ज्वारी त्या एका दिवसात उपणून झाली.

पाटलाचं नाव देवळाच्या पायरीवर कोरलंय. भिवराचं कुठंच नाही. पण आंबेघोळात जनावराचा पाय अधू झाला की त्याला तीन महिने कामाला जुंपत नाहीत, दारातून हाकलत नाहीत. त्या काळाला 'भिवराचे महिने' म्हणतात. मागच्या साली एकानं लंगडा बैल बाजाराला काढला, तर बायकांनी त्याच्या दारात सुपं पालथी घातली आणि तिथंच बसून राहिल्या. बैल पुन्हा गोठ्यात बांधला, वैरण टाकली, तेव्हाच त्या उठल्या.