चोच न लावणारी शिंपली

फार फार वर्षांपूर्वी दर्यातल्या एका खडकावर कुरव पक्षी राहत. बाहेरून आलेल्यानं सगळ्यांच्या चोचीला चोच लावायची, ही तिथली रीत.

एकदा भुऱ्या कुरवाची बायको शिंपली दूरच्या किनाऱ्यावरून परतली, ती थेट पलीकडच्या ओसाड खडकावर जाऊन बसली. तिथूनच ओरडली, "जवळ येऊ नका हो! तिकडे साथीनं पाखरं मरताहेत."

"माजली!" थवा म्हणाला. भुऱ्यालाही राग आला, पण तो रोज वरूनच मासे टाकत राहिला. पुढे शिंपलीची मान कलली, तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागला.

बऱ्याच दिवसांनी ती ठणठणीत होऊन घरट्यात उतरली. थव्यातलं एकही पाखरू दगावलं नव्हतं.

"आता चोच लावू?" भुऱ्यानं चाचरत विचारलं.

"विचारता काय? इतके दिवस नुसते मासे फेकलेत. आज एक तरी भरवा!"