गाडीतला उजेड

“…मग माझंच दुःख तेवढं का उतरत नाही, बुवा? सव्वा वर्ष झालं.”

नरहरबुवा मठाच्या पायरीवर बसून कंदिलाची काच राखेने पुसत होते. दिवस कलला होता.

“काम काय करतोस?” त्यांनी विचारलं.

हेरंब एकदम ताठ बसला. सात वर्षांचा मुलगा निहार तापाने गेला, तरी कामाचा विषय निघाला की त्याची मान अजून वर व्हायची. माणूस असाच असतो, त्याला काय करणार!

“मोटारीत पुढे स्क्रीन असतो ना, नकाशा दाखवणारा, तो मी बनवतो. उन्हात आपोआप उजळतो, अंधारात आपोआप मंद होतो. कुणी हात लावायला नको.”

“मंद कशाला?”

“नाहीतर डोळे दिपतात. समोरचं माणूससुद्धा दिसत नाही.”

“अस्सं…” बुवा काच पुसत राहिले. “एकटाच आलास?”

“बायको आहे गाडीत. सुमेधा. हल्ली मागेच बसते, निहारच्या जागेशेजारी. माझ्याशी बोलत नाही. उद्या माहेरी चाललीय. परत कधी येणार, विचारलं… तर गप्प.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल, तुझं यंत्र दाखव.”

गाडी चिंचेखाली उभी होती. सूर्य डोंगराआड गेला होता. बुवा पुढे हेरंबशेजारी बसले. हेरंबने किल्ली फिरवली आणि स्क्रीनवर फोटोतला, पुढचे दोन दात पडलेला निहार हसला. उजेड इतका लख्ख, की बुवांनी डोळ्यांवर हात धरला.

“संध्याकाळ झाली की रे. हा मंद कसा नाही झाला?”

“माझ्या गाडीत मी ते बंद करून ठेवलंय. अंधार पडला की त्याचा चेहरा विझत चालल्यासारखा दिसायचा. मला नाही बघवत हो, बुवा…”

बुवांनी वरच्या आरशाकडे बोट केलं.

“आरशात बघ. मागे काय दिसतं?”

“काही नाही. काळोख.”

बुवांनी त्या हसऱ्या चेहऱ्यावर हलकेच तळहात धरला, झोपलेल्या लेकराच्या तोंडावरचं ऊन अडवावं तसा.

“कर सुरू.”

हेरंबने सुरू केलं. बुवांनी हात काढून घेतला. स्क्रीन हळूहळू मंद होत गेला आणि एका जागी थांबला. निहार हसतच होता, फक्त फिकट.

हेरंबचे डोळे सरावायला थोडा वेळ लागला. मग आरशात सुमेधा दिसली. डोळे मिटून ती शेजारच्या रिकाम्या जागेवर थोपटत होती, निहारला झोपवताना थोपटायची तशी. किती महिने ती अशी थोपटत बसली होती, कोण जाणे.

“सुमे…”

थोपटणारा हात थांबला.

हेरंबने दाराला हात घातला. मग पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तिथून त्याला उठवेना.

बुवांनी सीटवरच मांडी घातली.

“पोराजवळ मी बसतो,” ते म्हणाले. “तू मागे जा.”